पाण्यात गेलेले पाच गुंठे

नवरात्र संपता संपता रत्नागिरीहून मामेभावाचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली आणि मग तो मुद्द्यावर आला. "दादा, आत्याची सही लागेल रे."

आमच्या आईचं माहेर मिऱ्याचं. रत्नागिरी शहराच्या उत्तरेला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर ते घर आहे. जमीन अजून आजोबांच्या सगळ्या वारसांच्या नावावर आहे. एक तुकडा समुद्राकडचा, घर आणि माडांचा. दुसरा डोंगराच्या पायथ्याचा, छोटा. मामेभावाला आता खालचं घर सोडून पायथ्याशी नवीन घर बांधायचं आहे, त्यासाठी कर्ज काढायचं आहे आणि बँकेला कागद स्वच्छ हवे आहेत. म्हणून बहिणींची हक्कसोडपत्रं. नोंदणीसाठी रत्नागिरीला जावं लागतं. आई चौऱ्याऐंशीची, तिला सिकंदराबादहून एवढा प्रवास झेपणार नाही, तेव्हा इथेच मुखत्यारपत्र करून पाठवायचं ठरलं.

आईला हिस्सा नकोच होता. माहेरची वाट मोकळी राहावी एवढीच तिची हाव. पण कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्यायचा, ही वडिलांची शिस्त तिने उचललेली आहे. मी सातबारा वाचून दाखवला. समुद्राकडचा तुकडा, क्षेत्र अकरा गुंठे.

"अकरा कुठले?" आई म्हणाली. "विचार त्याला, आता उरलेत किती."

मामेभावाने गेल्याच वर्षी पावलं टाकून मोजलं होतं. म्हणाला, सहा असतील. पाच गुंठे पाण्यात. सातबाऱ्यावर मात्र अकराच्या अकरा, माडांसकट.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "जमिनीवर आहे ती त्याची. पाण्यात गेली ती माझी. तसं लिहून आण, सही करते."

कोजागिरीला मंडळात दूध पिताना हे सांगितलं तर सगळे हसले. पण दोघातिघांनी नंतर बाजूला घेऊन विचारलं, समुद्र पाच गुंठे जमीन नेतो कशी? आणि तिथे तर एवढं मोठं बंदर आहे म्हणता, मग किनारा सुरक्षित नको का? अंकासाठी लिहायला बसलो ते त्या प्रश्नापायी. आणि दुसरं एक कारण आहे, ते पुढे येईलच.

माझं सगळं लहानपण सिकंदराबादचं. वडील रेल्वेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हा भावंडांना घेऊन निघायची. पुणं, कोल्हापूर, आणि मग एसटीने आंबा घाट उतरून रत्नागिरी. कोकण रेल्वे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. हुसेनसागर हे आमच्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी, त्यामुळे पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मी आजोबांना विचारलं होतं म्हणे, याचा बंधारा कुठे आहे?

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, हे तिथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मध्ये रत्नदुर्गाचं टोक समुद्रात घुसलेलं. त्याच्या दक्षिणेला मांडवीची काळी वाळू, म्हणून तो काळा समुद्र. उत्तरेला मिऱ्याच्या बाजूला पांढरी वाळू, तो पांढरा समुद्र. पाणी एकच, पण वाळूच्या रंगावरून नावं दोन. किल्ल्याच्या उत्तरेकडच्या कुशीत भगवती बंदर आणि मिरकरवाडा. तिथून मिऱ्याच्या डोंगरापर्यंत वळत गेलेला उपसागर, आणि त्याच्या काठाने पांढरी पुळण. आजोळच्या मागल्या दारातून बाहेर पडलं की माडांच्या दोन रांगा, मग केवड्याचं बन, आणि मग ती पुळण. इतकी रुंद की दुपारी अनवाणी पाण्यापर्यंत पोचायचं तर मध्ये थांबून चड्डी पायाखाली घ्यावी लागे. हे मी लिहितोय आणि मामेभावाची मुलं ते वाचून हसतील, कारण त्यांनी त्या जागी काळे दगड आणि सिमेंटचे टेट्रापॉडच पाहिले आहेत.

मामाने मला भरतीचं गणित शिकवलं ते तिथेच बसून. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती साधारण सहाला. चतुर्थीला तीन. अंदाजाचं गणित, पण घड्याळ नसलेल्या माणसाला पुरेसं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला चढउतार कमी, तो भांग. पाणी चढायला सहा तास, उतरायला सहा तास, आणि दर दिवशी सगळं पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकतं. हैदराबादला परत आल्यावर मी कॅलेंडरवर तिथी बघून वर्गातल्या मुलांना सांगत असे, आत्ता मिऱ्याला भरती आहे. कुणाला त्याचं काही नव्हतं.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो आणि रेल्वेतच लागलो. काम पुलांचं. राजमहेंद्रीला गोदावरीच्या पुलांवर गेलो आणि पाण्यात खांब उभा केला की काय होतं ते पहिल्यांदा नीट कळलं. पाणी खांबावर आपटतं, खाली वळतं आणि पायाशी गोल फिरत माती उकरतं. पूर येऊन गेला की तळ चाचपून बघायचा, खळगा पडला असेल तर त्यात दगड टाकायचे. खांबाच्या मागे, जिथे पाणी मंदावतं, तिथे उलट वाळू साचते. नदी एकाच दिशेला वाहते, त्यामुळे पुढे काय आणि मागे काय यात शंका नसते.

१९८३ साली मी सुट्टीवर मिऱ्याला गेलो होतो. नवी नोकरी, नवं लग्न, खिशाला पेन. मिरकरवाड्याचं बंदर मोठं व्हावं, लाटा अडवायला समुद्रात दगडांचे बांध घालावेत, असं बोलणं तेव्हा गावात चालू असे. मामा अंगणात नारळ सोलत होता. त्याने मला विचारलं, "तू इंजिनेर. सांग, तिकडे दगड टाकले तर इकडे आपल्याला काय होईल?"

मी एक क्षणही विचार केला नाही. म्हटलं, "काही होत नाही मामा. पाणी बाजूने निघून जाईल. एवढ्या समुद्राला एवढासा बांध म्हणजे काय!"

मामा म्हणाला, "निघून जाईल खरं. पण परत येताना?"

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. नदीत काम करणाऱ्या माणसाने समुद्राबद्दल बोलताना जी चूक करायची तीच मी केली होती. नदीचं पाणी गेलं की गेलं. उपसागरातलं पाणी दिवसातून दोनदा जातं आणि दोनदा परत येतं. वर्षानुवर्षं ते जाणं-येणं चालू असतं आणि त्या येरझाऱ्यांत प्रत्येक वाळूकणाचा हिशोब कसाबसा जमलेला असतो. पावसाळ्यात लाटा पुळण खरवडून वाळू आत नेतात. हिवाळा-उन्हाळ्यात शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. पुळण दरवर्षी बारीक होते आणि दरवर्षी भरते. आजोबांच्या माडांची पुढची रांग दर श्रावणात मुळं उघडी टाकून उभी असायची आणि शिमग्यापर्यंत पुन्हा बुजलेली. ते कुणालाच नवल नव्हतं. येणं आणि जाणं यांची बेरीज शून्याच्या आसपास राहिली की किनारा जागच्या जागी राहतो. त्या बेरजेतून थोडंसं जरी एका बाजूला कायमचं वळलं, तरी वीस-तीस वर्षांनी माणसाचं अंगण जातं.

आता धक्का किंवा बांध घातला की काय होतं? वाहतं पाणी वाळू नेतं ते आपल्या वेगाच्या जोरावर. वेग निम्मा झाला तर वाहून न्यायची ताकद निम्मी होत नाही, त्याहून कितीतरी कमी होते. बंदर म्हणजे मुद्दाम केलेली शांत जागा. होड्यांना आडोसा हवा, म्हणून तिथे लाट येऊ द्यायची नाही, पाण्याची ओढ मंद करायची. पण होडीला जो आडोसा, तोच वाळूलाही आडोसा. उघड्या बाजूला लाटा वाळू उकरून पाण्यात उचलतात, प्रवाह ती घेऊन फिरतो आणि आडोशाला आला की हातातलं टाकून देतो. एकदा तिथे खाली बसलेली वाळू उचलायला तिथे लाटच नसते. ती अडकली ती अडकली.

मिऱ्याच्या उपसागरात पावसाळ्याच्या लाटा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतात. दक्षिण टोकाला किल्ल्याचा आणि बांधांचा आडोसा, उत्तरेचा भाग उघडा. वाळू कुठून कुठे जाईल हे या एका वाक्यात आहे. मिरकरवाड्याच्या तोंडाशी वाळू साचते आणि मिऱ्याची पुळण झिजते. तिथल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हात करून दाखवेल, आमची वाळू ती तिकडे.

हे आईला समजावून सांगायला मी स्वयंपाकघरातली मोठी परात घेतली. बोटभर पाणी, त्यात दोन मुठी रवा. परात दोन्ही हातांनी हळूहळू एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करत राहायची. भरती, ओहोटी. रवा तळाशी बऱ्यापैकी सारखा पसरतो. मग एका बाजूला, काठाला चिकटवून, जड वाटी उपडी घालायची आणि पुन्हा तेच करायचं. पाच मिनिटांत वाटीच्या कुशीत रव्याचा ढीग दिसायला लागतो, वाटीच्या टोकाशी तळ स्वच्छ होतो आणि समोरच्या काठावरचा रवा विरळ होत जातो. घरी मुलांना करून दाखवण्यासारखा प्रयोग आहे. फक्त सुनेला आधी विचारा.

आईने तो बघितला आणि म्हणाली, "हे तर तांदूळ रोळण्यासारखं झालं." लहानपणी तिने रोळीत तांदूळ रोळून खडे काढलेले. पाणी किती हलवलं की तांदूळ उचलला जातो आणि खडा खाली राहतो, हे तिच्या मनगटाला माहीत होतं. मला ते शिकायला चार वर्षं इंजिनिअरिंग लागलं आणि तरी १९८३ साली ते आठवलं नाही.

रत्नागिरीची गोष्ट वेगळी किंवा दुर्दैवी आहे असं समजू नका. आपल्याकडून रात्रीच्या गाडीने चेन्नईला गेलेले पुष्कळ जण आहेत. मरीना बीचवर फिरून, सुंडल खाऊन आलेले. ती एवढी रुंद वाळू निसर्गाने तशीच दिली असं आपण समजतो. १८७० च्या दशकात मद्रासला बंदरासाठी समुद्रात दोन लांब भुजा घालायला सुरुवात झाली, तेव्हा तिथे किनाऱ्याची पट्टी बेताचीच होती. पूर्व किनाऱ्यावर वाळू वर्षाकाठी एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. बंदराने ती वाट अडवली. दक्षिणेला वाळू साचत गेली आणि १८८० च्या दशकात ग्रँट डफ या गव्हर्नरांनी तिथे फिरायचा रस्ता करून त्याला मरीना नाव दिलं. उत्तरेला रोयापुरमच्या बाजूला मात्र वाळू यायची थांबली आणि समुद्र वस्तीत शिरायला लागला. तिथे दगडी भिंती घालाव्या लागल्या, त्या आजही दिसतात. बंदराचं मूळचं पूर्वेकडचं तोंडही पुढे बंद करून ईशान्येला न्यावं लागलं. एकाच बांधाच्या एका बाजूला शहर हवा खायला जातं आणि दुसऱ्या बाजूचा कोळी रात्री उठून पाणी कुठवर आलं ते बघतो. मी चेन्नईला कामानिमित्त अनेकदा गेलो, मरीनावर प्रत्येक वेळी गेलो, रोयापुरमला एकदाच.

विशाखापट्टणमचं उदाहरण मला जास्त आवडतं. तिथलं बंदर १९३३ साली सुरू झालं. वाळू आत शिरू नये म्हणून तोंडाशी दोन जुनी जहाजं दगड भरून बुडवली आणि त्यांचाच बांध केला. पुढे बाहेरचं बंदर झालं, तशी तीच अडचण: बंदराच्या दक्षिणेला वाळू अडकते आणि उत्तरेचा रामकृष्ण बीच उपाशी राहतो. पण तिथे एक शहाणपणाची गोष्ट करतात. अडकलेली वाळू ड्रेजरने काढतात आणि पाइपातून बीचवर नेऊन टाकतात. म्हणजे बांधाने अडवलेला घास पंपाने पुढे वाढायचा. खर्चिक आहे, दरवर्षी करावं लागतं आणि तरीही बीच पूर्वीसारखा राहत नाही. पण निदान हिशोब तरी मान्य केलेला आहे, की घेतलं त्याला परत दिलं पाहिजे.

मुंबईचा प्रकार आणखी निराळा. तिथे वाळू कमी, चिखल फार. आणि पाणी उधाणाला जवळजवळ पाच मीटरपर्यंत चढतं, रत्नागिरीच्या साधारण दुप्पट. ठाण्याच्या खाडीत एवढं पाणी आत जाणार आणि सहा तासांनी बाहेर पडणार, त्या जाण्या-येण्यानेच बंदराचं तोंड खोल राहतं. खाडीच्या कडेला भराव घालून पाण्याची जागा कमी केली, की आत जाणारं पाणी कमी, बाहेर पडणारं कमी, म्हणजे तोंड धुऊन काढणारा जोर कमी. शिवाय खाऱ्या पाण्यात मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या आधी पाणी थबकतं, तेवढ्या वेळात खाली बसतात. धक्का खांबांवर उभारला तर पाणी खालून जातं, भरीव भिंतीएवढी अडवणूक होत नाही. पण खांबांच्या जंगलात वेग कमी होतोच आणि चिखल तिथे मुक्काम करतो. खोल केलेल्या वाटा पुन्हा भरतात, पुन्हा उपसाव्या लागतात.

अशा गोष्टी आधी पडताळून बघायची सोय आपल्याकडे जुनी आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ साली सुरू झालेलं. प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी तिथे गेलो होतो. एका मोठ्या शेडमध्ये सिमेंटने घडवलेलं अख्खं बंदर, बेटांसकट. पाणी सोडतात, भरती येते, ओसरते. बारा-साडेबारा तासांचं काम काही मिनिटांत. धक्क्याचा नमुना ठेवायचा, पाण्यावर कागदाचे कपटे सोडायचे आणि ते कुठे भरकटतात ते बघायचं. मी त्या कठड्याशी उभा राहून किती तरी वेळ ते कपटे बघत होतो. जाताना सरळ जायचे. परत येताना एक कपटा धक्क्याच्या मागे वळला आणि तिथेच गोल गोल फिरत राहिला. मामाचा प्रश्न मला तिथे आठवला. तोपर्यंत आजोबांच्या माडांची पुढची रांग गेलेली होती.

मामाला मी ते कधी सांगितलं नाही. पुढल्या मे महिन्यात सांगू म्हटलं, आणि त्या पावसाळ्यातच तो गेला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बंदरं बांधूच नयेत. आईला विचारा, आडोसा नसलेल्या बंदराचे दिवस कसे होते. आगबोट किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. माणसं, बोचकी, कोंबड्या सगळं पडावातून न्यायचं आणि लाटेच्या तालावर वर चढायचं. वादळ आलं की किनाऱ्याला ओढलेल्या होड्यांच्या फळ्या सकाळी पुळणीवर सापडायच्या. मिरकरवाडा आज राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक आहे, शेकडो घरं त्यावर जगतात. त्यांना बंदर नको होतं असं म्हणायचा मला अधिकार नाही.

आणि किनारा झिजायला एकटा बांध कारण असतो असंही नाही. वादळं, चढत चाललेली समुद्राची पातळी, नद्यांवर धरणं झाल्याने कमी येणारी वाळू, चोरून उपसलेली वाळू, हे सगळं त्या खात्यात आहे. उलट बाजूने, राजापूरसारखी जुनी बंदरं गाळाने बुजली ती कुणी धक्का बांधला म्हणून नाही, डोंगर उघडे पडून माती खाडीत आली म्हणून. धूप थांबवायला घातलेल्या दगडी बंधाऱ्याचाही एक दोष आहे. पुळणीवर चढून लाट दमते. दगडावर आपटून ती उलटी फिरते आणि बंधाऱ्याच्या पायाचीच वाळू घेऊन जाते. मग बंधारा खचतो, मग नवीन दगड. मिऱ्याला हे चक्र आम्ही कित्येक वर्षं पाहिलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटत येऊन तिथल्या बंधाऱ्याला टेकलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. मामेभाऊ फोटो पाठवायचा: पुढे घराचं कौल, मागे जहाज. आई म्हणायची, इतकी वर्षं आगबोट दारात आली नाही, आता आली तर ही अशी.

गंमत म्हणजे, ज्यांच्यासाठी बंदर झालं तेही सुखी नाहीत. मामाच्या ओळखीचे एक म्हातारे तांडेल मिरकरवाड्यात राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांना भेटलो तर म्हणाले, "आमची वाळू, आमची वाळू म्हणून तुम्ही रडता. अरे घेऊन जा की! आम्हाला कुठे हवीय?" तोंडाशी वाळूचा उंचवटा झाला की ओहोटीला होडी घासते, आणि खवळलेल्या समुद्रात नेमकी त्या उथळ जागी लाट फुटते. आत यायची घाई असते तेव्हाच आत येणं धोक्याचं होतं. गाळ उपसायची मागणी दरवर्षी होते, कधी काम होतं, कधी रेंगाळतं.

म्हणजे एकाच उपसागरात एकाला वाळू नको आहे आणि दीड-दोन कोसांवरच्या दुसऱ्याला तीच हवी आहे. गाळ काढण्याचा कागद एका टेबलावर, किनारा वाचवण्याचा दुसऱ्या. उपसलेल्यात चिखल किती आणि स्वच्छ वाळू किती हे तपासून, जेवढी वाळू असेल तेवढी मिऱ्याच्या बाजूला नेऊन टाकावी, विशाखापट्टणमला करतात तसं, असं मला अभियंता म्हणून वाटतं. पुळण आजोबांच्या वेळेसारखी होणार नाही. पण बंधाऱ्याच्या पायाशी दरवर्षी थोडा ऐवज पडला तर तो टिकेल. १९८३ चा माझा सल्ला कसा होता ते वर सांगितलंच आहे, तेव्हा हाही तपासूनच घ्यावा.

आपल्या गावाचा समुद्राशी काय संबंध, असं वाटेल. तर प्रगतीनगरच्या बाजूला इन्कॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, १९९९ पासून. देशाच्या सगळ्या किनाऱ्यांसाठी लाटांचा अंदाज, सुनामीचा इशारा, मासे कुठे मिळतील त्याची माहिती तिथून जाते, स्थानिक भाषांतसुद्धा. समुद्रापासून एवढ्या दूरच्या गावातून! मामेभाऊ मला म्हणतो, "तुमच्या हैदराबादने कळवलंय, उद्या लाटा मोठ्या." जणू मीच उठून कळवलं. उद्या लाट किती उंच येईल हे तिथून सांगता येतं. वीस वर्षांनी वाळू कुठे असेल हा प्रश्न मात्र दगड टाकायच्या आधी विचारायचा असतो, आणि तो विचारणारा बहुतेक वेळा अंगणात नारळ सोलत बसलेला असतो.

सहीचं राहिलंच. पॅराडाइजजवळच्या वकिलांना मी आईची अट सांगितली. तेलुगू माणूस, मराठी कळतं थोडं. ते हसले नाहीत. म्हणाले, पाण्यात गेलेल्या जमिनीचा वेगळा हक्क लिहिता येणार नाही, सातबाऱ्यावर आहे तेच क्षेत्र लिहावं लागेल, अकरा गुंठे. आईला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सही केली तर पाण्यातलंही त्यालाच जाणार?"

"कागदावर, हो."

"मग त्याला सांभाळायला लागेल."

धनत्रयोदशीच्या दिवशी वकील घरी आले. आईने चष्मा लावून प्रत्येक पानावर सावकाश सही केली, माहेरच्या नावासकट. मी मामेभावाला फोन लावला, कागद उद्या पाठवतो म्हणून. तो घाईत होता. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला होता, लाटांचा इशारा आला होता आणि तो मागल्या दारची लाकडं झाकत होता. मी फोन आईकडे दिला. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि म्हणाली, "परवा अमावास्या. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. रात्री सव्वा अकराला पाणी भरेल. नुसती झाकू नकोस रे, वर उचलून ठेव."